तक्ता भिंतीवर, हात चड्डीवर

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाली आणि त्यानंतर बालवाड्यांत, केजींत ‘गुड टच, बॅड टच’चं पीक आलं. भिंतीवर मुलाच्या आकृतीचा तक्ता, त्यावर लाल-हिरवे ठिपके, वर्षातून एकदा बाहेरच्या ताईंचं तासाभराचं सत्र, शेवटी सगळ्या मुलांनी एका सुरात ‘नो!’ म्हटल्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर. अहवालात नोंद झाली की विषय मिटला. हेतूबद्दल शंका नाही. पण साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती यातून काय लागलं, हे त्याच्याबरोबर रोज चार तास असणाऱ्या आपण शिक्षिकांनीच विचारायला हवं.

अडचण तक्त्यापासूनच सुरू होते. स्पर्श चांगला की वाईट हे मुलानं कशावरून ओळखायचं? ‘तुला कसं वाटतं त्यावरून,’ असं आपण सांगतो. या वयात इंजेक्शन वाईट वाटतं, नाक पुसणं वाईट वाटतं, केस विंचरणं म्हणजे तर रोजची लढाई. उलट खाऊ, गुदगुल्या, मोबाइलवरचा खेळ यांतून लाडीगोडीनं सुरू झालेली गोष्ट मुलाला छानच वाटू शकते. आणि सुरुवात बहुतेक वेळा तशीच होते, कारण करणारा ओळखीचा असतो. ‘अनोळखी माणसापासून सावध’ हा धडा म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. बालवाडीच्या वयाच्या मुलांना भावनेवरून ओळखायला शिकवावं की साधा नियम द्यावा, याचा अमेरिकेतल्या सँडी वुर्टेल यांनी १९८९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. नियम शिकलेली मुलं सरस ठरली.

नियम असा: चड्डीच्या आतली जागा माझी. स्वच्छ करायला घरचं ठरलेलं माणूस किंवा शाळेतल्या मावशी, दुखलं तर डॉक्टर, तेही आई-बाबा जवळ असताना. बाकी कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. याबद्दलचं कोणतंही गुपित ठेवायचं नाही. एवढंच. ते रोजच्या गप्पांत, बाहुलीला अंघोळ घालताना, पुन्हा पुन्हा यायला हवं. त्या अवयवांना नाव असावं, आणि ते घेताना बाईंनी हसू दाबू नये.

पण नियम पाठ असलेलं मूल तो वापरेल का? इथे आपल्या वर्गाचा प्रश्न येतो. साडेदहाची शी-शूची रांग डोळ्यांसमोर आणा. मावशी एका हातानं मग भरताहेत, दुसऱ्या हातानं एकेकाची चड्डी खाली. रांगेतला चौथा ‘मी, मी काढतो’ म्हणत बटणाशी झटतोय. ‘तुला वेळ लागतो रे बाबा,’ असं म्हणून त्याचा हात बाजूला केला जातो. पंचवीस-तीस मुलं आणि एक मदतनीस, तेव्हा दोष मावशींचा नाही. पण माझ्या अंगाला हात लावताना मला कुणी विचारत नाही, हा धडा तिथे रोज गिरवला जातो. मग डबा संपवायची सक्ती. पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’. गॅदरिंगला रडत असताना स्टेजवर ढकललेला ‘ससा’. दिवसभर ज्याचं ‘नको’ आपण मोजत नाही, त्यानं भलत्या वेळी, भलत्या माणसाला, एकट्यानं ‘नको’ म्हणावं ही अपेक्षा मला तरी उद्धटपणाची वाटते.

रांग बदलता येते. एका वेळी तीनच मुलं न्यायची. प्रवेशाच्या वेळीच पालकांना इलॅस्टिकची चड्डी घालायला सांगायचं. ‘मदत करू का?’ विचारून उत्तराला थांबायचं. स्वच्छतेचं काम ठरलेल्या बाईमाणसाकडेच, तिथे दुसऱ्या मोठ्या माणसाची नजर पोचेल अशी जागा, आणि नेमणुकीआधी प्रत्येकाची, अगदी व्हॅनचालकाचीही, पोलीस पडताळणी. यातलं काहीच मुलांना ‘शिकवायचं’ नाही, आपण करायचं आहे.

‘नको’ म्हणायला आत्मविश्वास लागतो. पण पालकांना आत्मविश्वास म्हणजे माइकसमोर न अडखळता कविता म्हणणं वाटतं. सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञांचं काम इथे उपयोगी पडतं. साधारण आठ वर्षांच्या आधी मूल ‘मी एकंदरीत कसा आहे’ हे शब्दांत सांगू शकत नाही. त्याचा आत्मसन्मान वागण्यातूनच दिसतो. मग कोणत्या वागण्यातून, हे त्यांनी बालवाडीच्या शिक्षिकांनाच विचारलं. चित्र किती सुबक, गाणं किती पाठ, याला शिक्षिकांनी महत्त्व दिलं नाही. नव्या गोष्टीला आपणहून हात घालणं, कुतूहल, आणि बिनसलं तर सावरून पुन्हा लागणं, हे त्यांनी सांगितलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला नेलेल्या कामात स्वतःचं काम स्वतः करणाऱ्या मुलाला मोठं स्थान होतं. त्यांची शताब्दी, जयंती आपण साजरी करतो. बटण मात्र आपणच लावून देतो.

एवढं करूनही अत्याचार थांबवण्याचं काम मुलावर टाकता येत नाही. शाळांमधल्या अशा कार्यक्रमांच्या २४ अभ्यासांचा कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २०१५ मध्ये आला. मुलांची समज आणि कौशल्यं वाढतात हे त्यात दिसलं; प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का, हे त्यावरून सिद्ध होत नाही. घाबरून गप्प राहिलेलं मूल नियम विसरलं म्हणून चुकलं, असं कुणाच्या तोंडून निघता कामा नये.

मूल बोललं, तर पुढचं आपल्याकडे. ऐकायचं, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं, खोदून विचारायचं नाही, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे. खात्री करून घेणं हे आपलं काम नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार नुसती शंका आली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. संस्थाचालकांची परवानगी लागत नाही, आणि सद्‌हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापुरात शाळेच्या चालकांवरही याच कारणानं गुन्हा नोंदवला गेला. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो आणि घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, हेही पालकांना सांगा. निम्मी भीती तिथेच असते. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच.

‘एवढ्याशा मुलांना हे कशाला?’ हा प्रश्न जूनच्या पालकसभेत येणारच. त्या सभेला बाबा लोकांनाही बोलवा, शी-शूची जागा आधी दाखवा, तिथे कोण असतं ते सांगा, मग नियम वाचा, आणि हाच नियम घरी आजोबा, काका, शिकवणीचे सर यांच्यासमोरही चालेल का, ते त्यांनाच विचारा.