सुट्या भागांची सोयरीक

आपल्याकडे सोयरीक जमवताना किती चौकशी होते, हे मी सांगायला नको. गाव कोणते, आजोळ कुठले, शेती किती, मुलगा करतो काय, पत्रिकेत नाडी एक की वेगळी, सगळे पाहून झाल्याशिवाय सुपारी फुटत नाही. पण हीच चौकस माणसे सायकलच्या दुकानात गेली की "एक चेन द्या" एवढेच म्हणतात. दुकानदार खुंटीवरची एक चेन काढून देतो, आपण पैसे मोजतो आणि दोघेही समाधान पावतो. पुढे त्या संसारात कुरबुर सुरू झाली, तर दोष कुणाचा? कंपनीचा, दुकानदाराचा, की विचारायचे ते न विचारणाऱ्या आपला? या प्रश्नावर माझे काही मत बनले आहे. ते स्वानुभवाने बनले आहे आणि दुर्दैवाने स्वखर्चानेही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत एका दुकानात वह्या लिहून मिळालेल्या पैशांतून मी एक जुनी रोड बाइक घेतली. पुढे दोन चक्रे, मागे आठ. येळ्ळूरहून कॉलेजला येताना बसच्या दारात लोंबकळणे संपले, म्हणून मी खूश होतो. महिन्याभरातच चेन दाते सोडू लागली. राजहंसगडाच्या चढावर तर पायडलवर जोर दिला की चेन उडे आणि गुडघा हँडलवर आपटे. मी शहरात जाऊन साडेसहाशे रुपयांची नवी चेन घातली. दुखणे कमी होण्याऐवजी वाढले! मग कुणीतरी सांगितले की मागची चक्रेही बदलायला हवीत. मी दुकानात जाऊन म्हणालो, "मागचे फ्रीव्हील द्या, आठचे." नऊशे रुपये दिले, घरी आणले, पुडके फोडले, आणि ते चाकावर बसेचना. परत घेऊन गेलो, तर पुडके फोडलेला माल परत घेत नाही, असे उत्तर मिळाले. पावतीवर फक्त "सायकल पार्ट, १ नग" एवढेच लिहिलेले. एक हजार पाचशे पन्नास रुपये गेले, आणि तीन आठवडे मी पुन्हा बसच्या दारात.

माझे वडील उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी तो भाग हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एवढेच म्हणाले, "आमच्यात मापाशिवाय तुकडा कोण हातात घेत नाही, आणि तू पैसे देऊन घेतलास?" मला त्या पैशांपेक्षा या वाक्याचे वाईट अधिक वाटले. ज्या घरात मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर चूल पेटते, त्या घरातला मी अंदाजाने खरेदी करून आलो होतो.

त्यानंतर वडिलांचे जुने व्हर्निअर घेऊन मी या विषयाच्या मागे लागलो. जे कळले ते सांगतो.

पहिली गोष्ट चेनची. आजची रोलर चेन मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० साली काढली. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. असते. आजोबांच्या काळ्या सायकलचेही तेवढेच आणि माझ्या रोड बाइकचेही तेवढेच. म्हणूनच आपण फसतो, कारण फरक लांबीत नसून रुंदीत आहे. बिनगिअरच्या सायकलची चेन आतून एक अष्टमांश इंच रुंद, तर गिअरच्या सायकलची तीन बत्तिसांश इंच. गिअरच्या सायकलींतही मागची चक्रे जितकी अधिक, तितकी चेन बाहेरून बारीक. सहा, सात व आठ चक्रांची चेन सुमारे ७.१ मि.मी., नऊची ६.६, दहाची ५.९ आणि अकराची ५.५ च्या आसपास. चक्रांची संख्या वाढली तरी जागा जवळपास तेवढीच, त्यामुळे चक्रे दाटीने बसतात आणि चेनला अंग चोरून चालावे लागते.

दुसरी गोष्ट झिजेची. चेन आणि चक्रे एकमेकांच्या संगतीने झिजतात. पिना झिजून चेन लांबते, आणि त्या लांबलेल्या चेनप्रमाणे दात्यांचाही आकार बदलतो. अशा जुन्या दात्यांवर नवी कोरी चेन घातली, तर ती नीट बसत नाही व जोर येताच उडते. माझे नेमके हेच झाले होते. हे आधी ओळखायला साधी पट्टी पुरते. चोवीस अर्धे इंच मोजावेत, ते बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. एक सोळांश इंच जास्त भरले तर चेन बदलण्याची वेळ झाली. एक अष्टमांश भरले, तर बहुधा मागची चक्रेही गेली. वेळेवर चेन बदलली तर महागडी चक्रे वाचतात. आपल्या वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे, तर हा घसाऱ्याचा हिशेब आहे, आणि तो न मांडणाऱ्याला भांडवलच बुडवावे लागते.

तिसरी गोष्ट नावाची. दुकानात आपण ज्याला सरसकट 'फ्री' म्हणतो, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खरे फ्रीव्हील चाकाच्या हबवर आट्यांनी फिरवून बसवतात, आणि टकटक करणारी यंत्रणा त्याच्या पोटात असते. कॅसेट मात्र हबच्या खाचांवर नुसती सरकवून वरून रिंगने आवळतात, आणि ती यंत्रणा हबमध्येच असते. माझे चाक कॅसेटचे होते, मी विकत घेतले फ्रीव्हील. दाते दोन्हींना सारखेच, चक्रे आठच्या आठ, पण सोयरीक जमणे नाही! कॅसेटमध्येही भेद आहेतच. शिमानोच्या आठ, नऊ व दहा चक्रांच्या कॅसेट एकाच लांबीच्या हबवर बसतात. रोड बाइकच्या अकरा चक्रांसाठी हब १.८५ मि.मी. लांब लागतो. लांब हबवर जुनी कॅसेट तेवढ्या जाडीची चकती घालून बसवता येते, उलट मात्र सहसा जमत नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत मनोरंजक वाटली, कारण ती निव्वळ गुणाकार आहे. हँडलवरचा शिफ्टर एकदा दाबला की ठरावीक केबल ओढतो, आणि मागचा डिरेलर त्या ओढीच्या ठरावीक पट सरकतो. शिमानोच्या आठ चक्रांच्या शिफ्टरची ओढ २.८ मि.मी., आणि त्याच्या जोडीच्या डिरेलरचा पट १.७. गुणाकार जवळजवळ ४.८, आणि आठच्या कॅसेटमध्ये दोन चक्रांतले अंतर तेवढेच. आता याच शिफ्टरला कुणी अकरा चक्रांचा नवा डिरेलर जोडला, तर त्याचा पट १.४ असल्याने गुणाकार ३.९ येतो. दर गिअरला पाऊण मिलिमीटरहून अधिक चूक. सात गिअर बदलेपर्यंत चूक एका चक्राहून मोठी होते! मग मेकॅनिक बिचारा दिवसभर स्क्रू पिळत बसतो आणि आपण म्हणतो, त्याच्या हाताला गुण नाही.

गिअरची संख्या सारखी असली की झाले, असेही नाही. शिमानोच्या टियाग्रा मालिकेत ४६०० आणि २०१५ साली आलेली ४७०० ही दोन्ही कुळे दहाचीच. नाव तेच, चक्रे तेवढीच, पण केबलचा हिशेब बदलला. एकाचा शिफ्टर दुसऱ्याच्या डिरेलरशी जमत नाही. तेव्हा "मागे किती आहेत?" हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही.

येथे काही मित्र म्हणतील की हे सारे कंपन्यांचे कारस्थान आहे. मला ते अर्धेच पटते. तेवढ्याच जागेत अधिक चक्रे बसवायची, तर चेन बारीक करावीच लागेल, त्यात लबाडी नाही. उलट पुष्कळ ठिकाणी जमतेही. योग्य रुंदीची चेन दुसऱ्या कंपनीची असली तरी सहसा उत्तम चालते, तेथे नावासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. पण एकाच नावाखाली, तेवढ्याच चक्रांचे, परस्परांना न जुळणारे भाग विकायचे आणि तो फरक बारीक छापलेल्या क्रमांकात दडवायचा, हे मात्र गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर चालणारे दुकान आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व मोटारवाहने ही चार क्षेत्रे निवडली. सायकलचे नाव त्यांत वेगळे घेतलेले नाही. पण ज्याच्याजवळ मोटार नाही, त्याचे वाहन सायकलच असते, आणि साडेपंधराशे रुपयांचा फटका त्यालाच अधिक लागतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, पावतीवर भागाचा मॉडेल क्रमांक लिहिल्याशिवाय आपण पैसे देऊ नयेत. "पार्ट, १ नग" ही पावती नव्हे. आणि दुकानदाराकडून ही शिस्त मागण्यापूर्वी आपणही तयारीने जावे. जुना भाग बरोबर न्यावा. चक्रे किती, चेनची रुंदी किती, कॅसेट की फ्रीव्हील, शिफ्टर व डिरेलर यांवरचे क्रमांक, आणि पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रांचे दाते एका चिठ्ठीवर लिहून न्यावेत. दात्यांचे काम असे की, पुढे ५० व ३४ असतील तर फरक १६, मागे २८ व ११ असतील तर १७, बेरीज ३३. एवढी ढिली चेन सांभाळण्याची ताकद डिरेलरच्या माहितीपत्रकात दिलेली असली पाहिजे, शिवाय मागचे सर्वांत मोठे चक्रही त्याच्या मर्यादेत हवे.

माझी सायकल शेवटी वडगावातल्या एका कन्नड भाषिक मेकॅनिकमामांनी मार्गी लावली. मी चिठ्ठी पुढे केली, तर ते हसून म्हणाले, "अशी चिठ्ठी आणतोस तर माझं अर्धं काम झालं की रे!" त्यांनी ती फळीला टाचणीने लावून ठेवली. आता येणाऱ्या पोरांना ते तीच दाखवतात. तिची कन्नड प्रत मी आपल्या अंकाच्या कन्नड विभागासाठीही दिली आहे, कारण दुकानात फसताना आपली कुणाचीच मातृभाषा आड येत नाही.

प्राध्यापकांना एक नम्र विनंती. शास्त्र शाखेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कपाटात असतात, आणि आम्हा वाणिज्यवाल्यांचा त्यांच्याशी संबंध येत नाही. सायकल स्टँडजवळ एक व्हर्निअर, चेन तपासण्याची एक पट्टी आणि चेन तोडण्या-जोडण्याचे एक हत्यार, एवढे ठेवले तरी दरवर्षी कितीतरी मुलांचे पैसे वाचतील. खर्चाचा अंदाज मी काढून देतो, आणि वडिलांचे जुने व्हर्निअर पहिली देणगी म्हणून द्यायला ते तयार आहेत.

ते नऊशे रुपयांचे फ्रीव्हील अजून आमच्या माळ्यावर आहे. आट्यांचा हब असलेले, आठचे चाक कुणाजवळ असेल, तर त्याने जरूर भेटावे. मात्र येताना माप घेऊन यावे.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)