मानसशास्त्राचा वर्ग लोणी भापकरच्या ओपीडीत भरावा

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी महाविद्यालयांत पोस्टर स्पर्धा होतात, शहरांतल्या सभागृहांत व्याख्याने होतात, वर्तमानपत्रांत तज्ज्ञांचे लेख येतात. हे सगळे व्हावेच. पण त्याच आठवड्यात बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, लोणी भापकरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नेहमीसारखी ओपीडी चालू असेल. मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर आणि त्याची पुष्करणी पाहायला मूर्तिशास्त्राचे अभ्यासक या गावी येतात; पंचक्रोशीतली माणसे येतात ती केसपेपर काढायला. कुणाला रात्र रात्र झोप नाही, कुणाच्या छातीत धडधडते, कुणाचे डोके महिनोन् महिने जड आहे, कुणाला अन्न गोड लागत नाही. यांतल्या एकालाही आपले दुखणे मनाचे असेल असे वाटत नाही, आणि बाहेर रांग लागलेली असताना डॉक्टरांना खोलात शिरायला सवड नसते. गोळी मिळते, माणूस घरी जातो आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो.

मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या शिक्षणातला ठरावीक काळ याच ओपीडीत, डॉक्टरांच्या शेजारी बसून काढला पाहिजे, हे आमचे ठाम मत आहे.

आज ही मुले काय शिकतात? सिद्धान्त शिकतात, चाचण्या शिकतात, संख्याशास्त्र शिकतात. प्रात्यक्षिकात प्रयोगकर्ता एक विद्यार्थी आणि प्रयुक्त म्हणजे बाकावरचा त्याचाच मित्र. पदव्युत्तर पदवी हाती येईपर्यंत ज्याने खराखुरा रुग्ण, त्याचा केसपेपर, त्याच्यासोबत आलेली सासू किंवा भाऊ पाहिलेला नाही, असे पदवीधर आपल्याकडे मोठ्या संख्येने तयार होतात. शेजारच्या शाखेकडे पाहा. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला वर्षभराची आंतरवासिता सक्तीची असते. २०२१ च्या नियमांनुसार तीत जनऔषधवैद्यक विषयाचे बारा आठवडे आहेत आणि मनोविकारशास्त्राचे दोन. म्हणजे शरीराचा डॉक्टर काही दिवस तरी मनाच्या दुखण्याजवळ बसतो. मनाचा अभ्यासक मात्र शरीराच्या दवाखान्याची पायरी न चढताही पदवीधर होऊ शकतो.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी घ्यायला सुरुवात केली. तिथल्या चिकित्सा मानसशास्त्राला आजचे रूप येण्यात त्या रुग्णालयांचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे रीतसर शिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत आले, पण त्याच्या जागा मोजक्या, आणि त्या बहुतेक मोठ्या शहरांतल्या संस्थांत. तिथे तयार झालेला तज्ज्ञ लोणी भापकरला येईल, ही आशा धरून बसण्यात अर्थ नाही.

कायद्याने मात्र वाट केव्हाच आखून दिली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग झाल्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मनाचे उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतींतून काढून साध्या दवाखान्यात आणायचे, हाच त्यामागचा मूळ विचार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ ने तो विचार नागरिकाचा हक्क म्हणून लिहून दिला: आरोग्यसेवेच्या प्रत्येक पातळीवर, प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा, मानसिक आरोग्याची सेवा सामावलेली असली पाहिजे. कलम ३१ आणखी पुढे जाते. लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य क्षेत्रातील मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न सरकारने दहा वर्षांत करावा, असे ते सांगते. कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. ती दहा वर्षे मे २०२८ मध्ये संपतात.

गरज किती आहे? निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि वेगवेगळ्या विकारांत उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र आपले चित्र फार वेगळे असेल, असे मानायला काहीच आधार नाही.

उपचार गावात पोहोचवता येतात, हे आपल्याच मुलखात सिद्ध झाले आहे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा एक साधा संवाद-उपचार वापरून पाहिला. तो देणारी माणसे स्थानिक होती, मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट शिकवलेली आणि सतत देखरेखीखाली असलेली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. हा उपचार मिळालेल्यांत तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच सुधारित उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. विदर्भात, अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भागातला हा आकडा आहे. तो वाचताना छाती भरून येते.

मग गावातली माणसेच हे काम करू शकत असतील, तर मानसशास्त्राचे विद्यार्थी कशाला हवेत, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर त्याच प्रयोगांत आहे. त्या कार्यकर्त्यांच्या मागे दर आठवड्याला त्यांचे काम तपासणारे, अडल्यावर धावून येणारे कोणीतरी होते. ती जागा उद्या कोण भरणार? ज्याने स्वतः ओपीडीच्या गर्दीत, पंधरा मिनिटांत, पंख्याच्या आणि पोरांच्या रडण्याच्या आवाजात माणसाचे ऐकून घ्यायचा सराव केला आहे, तोच आशाताईला आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला उपयोगाचे काही सांगू शकेल. वातानुकूलित खोलीत पन्नास मिनिटांच्या सत्राची सवय लागलेल्याला ते जमणार नाही.

आशाताईंचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म त्या घरोघर भरतात, त्यात बीपी-शुगरच्या जोखमीबरोबर मनाविषयीही दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटले का. एखादी बाई मान खाली घालून ‘हो’ म्हणते. पुढे काय? तो ‘हो’ कागदावर राहतो, कारण ऐकून घेणारे माणूस केंद्रात नसते. शिकाऊ विद्यार्थ्याची खरी जागा ती आहे.

त्याने तिथे काय शिकायचे, याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. पहिले काही दिवस त्याने नुसते बसावे. नर्सताई बीपी कशी घेतात, लॅबमधून काय येते, औषधनिर्माते रुग्णाला गोळ्या कशा समजावतात, हे पाहावे. थकवा, चिडचिड, रडू येणे ही लक्षणे घेऊन आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन आधी बघायचे असते, थायरॉइड तपासायचा असतो, ती बाळंतीण आहे का हे विचारायचे असते. मनाच्या अभ्यासकाने सगळीकडे मनच शोधणे ही मोठी चूक, आणि ती सुधारण्याची संधी फक्त डॉक्टरांच्या सहवासात मिळते. मधुमेहाचा रुग्ण गोळ्या का सोडतो, क्षयरोगाचा रुग्ण मधेच औषध का थांबवतो, दारू सोडायची इच्छा असून का सुटत नाही, ही कामेसुद्धा मानसशास्त्राचीच आहेत. कदाचित केंद्रात सर्वाधिक उपयोग याच कामांचा होईल.

दुसरे म्हणजे थोडक्यात बोलणे आणि लिहिणे. महाविद्यालयात दहा पानी अहवाल लिहायला शिकवतात. डॉक्टरांना केसपेपरवर दोन ओळी हव्या असतात. आणि तिसरे, सर्वांत अवघड: जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ, न घाबरता, मायेने विचारणे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर उत्तर ‘हो’ आले तर त्या माणसाला एकटे न सोडता लगेच कोणाकडे न्यायचे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी पाठ असले पाहिजे.

डॉक्टरांनाही एक सवय लावून घ्यावी लागेल. चिठ्ठी लिहून ‘समुपदेशनाला जा’ म्हटले की रुग्ण जात नाही, थेट घरी जातो. तेच डॉक्टर खुर्चीतून उठून, ‘मावशी, या ताईंशी जरा बोला, मग मी औषध लिहून देतो’ असे म्हणाले, की मावशी बसतात. गावात याला फार महत्त्व आहे. कोण कुठल्या दारात गेले हे संध्याकाळपर्यंत पारावर कळते. मानसोपचाराची वेगळी पाटी लावलेल्या खोलीत जायला लोक कचरतात. बीपी तपासायच्या खोलीत जायला कोणालाच लाज वाटत नाही. मनाची सेवा साध्या दवाखान्यात मिसळण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. याच कारणासाठी विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या गावच्या केंद्रात ठेवू नये. ओळखीच्या पोराजवळ बायका तोंड उघडणार नाहीत.

लोणी भापकर निवडण्यामागे आणखी विचार आहे. एकाच तालुक्यात नीरा डाव्या कालव्याचा बागायती पट्टा आणि पावसाकडे डोळे लावून बसलेला जिरायती भाग, अशी दोन जगे आहेत. कर्ज, पाणी, मुलाचे न जमणारे लग्न, शहरात गेलेली पोरे आणि घरी राहिलेले म्हातारपण, या सगळ्यांचे ताण दोन्हीकडे वेगवेगळे. शिवाय दसरा-दिवाळीच्या सुमारास सोमेश्वर आणि माळेगाव कारखान्यांच्या परिसरात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगार येऊ लागतात. उचल घेऊन आलेले जोडपे, कोपीत ठेवलेली लहान मुले, पहाटेपासून फडात वाकलेली बाई. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्यांच्या कंबरदुखीतून मनाचे दुखणे कोणती चाचणी वेगळे काढणार? इथे एक हंगाम काढलेला विद्यार्थी जे शिकेल, ते पुस्तकातून शिकवता येणार नाही.

आता धोक्याची बाजू. विद्यार्थी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ, असे समजून आरोग्य खात्याने रिकामी पदे त्यांच्या जिवावर झाकू नयेत. गरीब रुग्णावर नवशिक्याने हात साफ करावा, हे आम्हाला कदापि मान्य नाही. म्हणून देखरेख ही अट पहिली. आठवड्यातून किमान एकदा प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ विद्यार्थ्यासोबत बसलाच पाहिजे, आणि रोजच्या अडचणीला फोनवर असला पाहिजे. तशी सोय नसेल तर विद्यार्थी पाठवू नका. प्रवासखर्च आणि थोडे विद्यावेतन द्या, नाहीतर ज्यांच्या घरी पैसा आहे तीच मुले हे शिकतील. शिवाय विद्यार्थी बदलला तरी रुग्णाचा धागा तुटणार नाही, याची जबाबदारी केंद्रातल्या कायम कर्मचाऱ्यावर हवी.

हे सगळे नवे पैसे आणि नवे कायदे मागते, असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात २०२३-२४ पासून कार्य-प्रशिक्षणाचे चार श्रेयांक आले आहेत. आज ते भरून काढायला विद्यार्थी जागा शोधत फिरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायला मनाई केली. रुग्णासमोर बसल्याशिवाय हे शिक्षण पुरे होत नाही, हेच तिचे सार. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, पदवी महाविद्यालये आहेत. देखरेख करणारे, शिकणारे आणि शिकण्याची जागा, तिन्ही एकाच तालुक्यात आहेत. त्यांना जोडणारा करार तेवढा व्हायचा आहे.

पदव्युत्तर वर्गाचे दुसरे सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि बारामतीचे वैद्यकीय महाविद्यालय यांनी त्याआधी एकत्र बसावे आणि या सत्रापासूनच लोणी भापकरच्या केंद्रात दोन विद्यार्थी आणि एक देखरेख करणारा तज्ज्ञ नेमावा. आणि ज्या वाचकाला किंवा त्याच्या घरातल्या कोणाला आजच बोलायची गरज आहे, त्याने करारांची वाट पाहू नये: ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.