कारभाऱ्याचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानात एका श्रीमंत धन्याचा आणि त्याच्या कारभाऱ्याचा दाखला आहे. कारभारी मालमत्ता उधळीत असल्याची कुणकुण धन्याच्या कानी येते. तो त्याला समोर बोलावतो आणि कारभाराचा हिशेब मागतो. हा दाखला मिस्साबलीत वाचला जातो तेव्हा कारभाऱ्याने पुढे लढविलेल्या शक्कलीवरच बहुधा प्रवचन होते. आम्हीही कित्येक वर्षे तेच केले. परंतु दाखल्याचा आरंभ अधिक विचार करण्याजोगा आहे. हिशेब मागण्याचा धन्याला अधिकार आहे, याविषयी त्या लबाड कारभाऱ्याच्या मनातही शंका नाही. 'आपण कोण विचारणारे?' असे तो म्हणत नाही. 'ही माहिती व्यक्तिगत आहे' असेही म्हणत नाही.

हे दुसरे उत्तर देण्याची सोय आता आमच्या देशातील कारभाऱ्यांना कायद्यानेच करून दिली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती अंमलात आली, आणि आपल्या धर्मग्रामांतून तिच्याविषयी अवाक्षर निघाले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक साधा प्रसंग सांगतो. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीला पतीच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद करून घ्यावयाची होती. एका सरकारी कचेरीत तिने आठ महिने खेटे घातले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद 'वर' गेलेला, कधी एखादा दाखला कमी. दाराशी उभ्या असलेल्या मध्यस्थाने मात्र कामाचा दर पहिल्याच दिवशी सांगितला होता. शेवटी आमच्या युवक मंडळातील एका मुलाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून तिच्या नावे माहितीचा अर्ज लिहिला. प्रश्न चारच होते: माझा अर्ज कोणत्या तारखेस कोणत्या टेबलावर पोचला? तेथे तो किती दिवस पडून राहिला? त्या टेबलावरील अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा काय? विलंबाबद्दल त्याच्यावर नियमानुसार कोणती कारवाई होते? तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीला भाग होते. उत्तर येण्यापूर्वीच नोंद झाली. ती भगिनी पेढे घेऊन आली तेव्हा आम्ही म्हणालो, "बाई, पेढे कशाचे? तुमच्या हक्काचेच तुम्हांला मिळाले." त्यावर ती म्हणाली, "फादर, हक्काचे मिळाले म्हणूनच पेढे." आमचे सारे प्रवचन त्या एका वाक्यापुढे फिके पडले.

तो अर्ज इतका गुणकारी का ठरला? त्यातील तिसऱ्या प्रश्नामुळे. भ्रष्टाचार सदैव निनावी असतो. 'वरून आदेश आहे', 'कार्यवाही सुरू आहे', 'प्रकरण विचाराधीन आहे' या कर्मणी प्रयोगाच्या भाषेत कर्ता कधीच सापडत नाही. कर्त्याचे नाव विचारले की फाइल हलू लागते.

हे शहाणपण आम्हांस मोठमोठ्या पंडितांनी शिकविलेले नाही. ते राजस्थानातील मजुरांनी शिकविले. मजूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी हजेरीपट गावापुढे मोठ्याने वाचले जाऊ लागले, तेव्हा कामावर कधीच न गेलेल्यांच्या, प्रसंगी मृतांच्याही नावे मजुरी उचलल्याचे उघडकीस आले. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे त्यांनी चाळीस दिवसांचे धरणे धरले. आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी याच मागणीसाठी उपोषण केले आणि राज्याचा कायदा पदरात पाडून घेतला. या साऱ्यातून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम २००५ साली जन्मास आला. ज्या देशात १९२३ पासून गोऱ्या साहेबाचा शासकीय गुपितांचा कायदा फायलींवर पहारा देत होता, तेथे शेतमजुराला फाइल उघडून पाहता येऊ लागली. या अधिकाराची किंमतही काहींनी मोजली आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमिनींच्या व्यवहारांविषयी प्रश्न विचारले. जानेवारी २०१० मध्ये त्यांची हत्या झाली.

अशा रीतीने रक्त सांडून मिळालेला हा अधिकार आता कलमाकलमाने पातळ केला जात आहे. २०१९ साली माहिती आयुक्तांची मुदत व वेतन ठरविण्याची सत्ता केंद्र सरकारने आपल्या हाती घेतली. ज्याने कारभाऱ्याविरुद्ध निवाडा द्यावयाचा, त्याचे वेतन कारभाऱ्यानेच ठरवावयाचे, असा हा न्याय! पाठोपाठ २०२३ साली व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा आला आणि त्याच्या एका उपकलमाने माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलून टाकले. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारण्यासाठी अधिकाऱ्याला दाखवावे लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, अथवा ती दिल्याने कुणाच्या खाजगी आयुष्यावर अकारण घाला पडतो. आणि तरीही व्यापक लोकहित असल्यास ती देता येई. संसदेला वा विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते सामान्य नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे सुंदर वाक्यही त्या कलमाशी जोडलेले होते. आता हे सारे गाळले आहे. माहिती 'व्यक्तिगत' आहे, एवढे म्हटले की पुरे.

सरकारपक्षाचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले, त्याला अनुसरूनच हा बदल आहे, असे ते म्हणतात. शिवाय कलम ८(२) शाबूत असून लोकहित अधिक भारी ठरल्यास आजही माहिती देता येते, याकडेही ते बोट दाखवितात. हे खरे आहे. परंतु हे वजन करण्याचा तराजू कोणाच्या हाती? ज्या कार्यालयाविरुद्ध प्रश्न आहे, त्याच कार्यालयातील अधिकाऱ्याच्या. पूर्वी दार उघडे होते आणि ते बंद करण्यासाठी त्याला कारण द्यावे लागे. आता दार बंद आहे आणि ते उघडण्यासाठी कारण नागरिकाने द्यावयाचे आहे. येथेच खरी ग्यानबाची मेख आहे.

आणि गुप्ततेचे मोल आम्हां धर्मगुरूंना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पापनिवेदनात जे कानी पडते ते प्राण गेला तरी ओठांवर येऊ द्यावयाचे नाही, या व्रताने आम्ही बांधलेले आहोत. परंतु ते संरक्षण कोणाला? गुडघे टेकून आपले अंतःकरण उघडे करणाऱ्या माणसाला. धर्मग्रामाच्या दानपेटीतील पैसे गेले कोठे, असे उद्या आपण आम्हांस विचारले आणि आम्ही पापनिवेदनाच्या मुद्रेकडे बोट दाखविले, तर आपण ते मान्य कराल काय? माणसाचा आजार, त्याचे घरगुती दुःख, त्याच्या मनातील गोष्ट ही खाजगी. लोकांच्या पैशाने, लोकांच्या नावाने केलेली सही खाजगी नव्हे. हजेरीपटावरील नावे 'व्यक्तिगत' म्हणून झाकली, तर मृतांच्या नावे उचललेली मजुरी कोणी आणि कशी शोधावयाची?

वसईकरांना हे दूरच्या राजस्थानचे वाटू नये. आपल्या शेजारी नालासोपारा येथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. त्या काही एका रात्रीत उगवल्या नाहीत. दिवसाढवळ्या, मजल्यावर मजला चढत गेला. २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. कर्ज काढून, दागिने मोडून घर घेतलेली ही माणसे होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जीव गेले. आराखड्यात जे आरक्षण होते ते जमिनीवरून नाहीसे होत असताना पाहणी कोणी केली, नोटीस कोणी दाबली, डोळे कोणी मिटले? हे सारे प्रश्न नावांचेच प्रश्न आहेत. नाव झाकले की गुन्हा उरतो आणि गुन्हेगार नाहीसा होतो. शिक्षा मात्र घर घेणाऱ्या गरिबाला होते.

तथापि केवळ सरकारला दूषणे देऊन थांबणे हा ढोंगीपणा ठरेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'च्या लढ्यात उतरले तेव्हा हजारो ख्रिस्ती कुटुंबे त्यांच्यामागे उभी राहिली. आज त्याच घरांतून 'फादर, थोडे देऊन टाकले, काम झाले' हे वाक्य आम्ही ऐकतो, तेही लाजेने नव्हे, तर चातुर्याने बोललेले. देणारा नाइलाजाने देतो, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या सोयीसाठी दिलेली चिरीमिरी पुढच्या विधवेसाठी दर ठरवून जाते, हे ध्यानात असावे. जकातदार जक्कयाने नुसता पश्चात्ताप केला नाही. लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याची तयारी दाखविली. आपले प्रायश्चित्त तीन वेळा छातीवर हात मारण्यापाशीच संपावे काय?

आणि जो हिशेब मागतो त्याने तो आधी द्यावा. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे ख्रिस्तसभेचा कायदाही सांगतो. ज्या धर्मग्रामात जमाखर्च वर्षानुवर्षे कपाटात राहतो, तेथील व्यासपीठावरून सरकारी पारदर्शकतेवर प्रवचन झोडणे शोभत नाही. म्हणून आम्ही आमचा वर्षाचा जमाखर्च, पै-पैचा, चर्चच्या दाराशी लावीत आहोत. कोणीही वाचावा, कोणीही विचारावे.

त्यानंतर आम्ही आपणांस तीन गोष्टी मागतो. प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर कोणी जाणत्या मंडळींनी अर्ज लिहून देण्यास बसावे. दहा रुपयांचा स्टँप आणि दोन तास, एवढाच खर्च. जे उत्तर 'व्यक्तिगत माहिती' या सबबीखाली नाकारले जाईल, ते मुकाट्याने घरी न नेता त्यावर अपील करावे. आणि मते मागण्यास दाराशी येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवारास, चहा देण्यापूर्वी, एकच विचारावे: जुने कलम परत आणण्यासाठी आपण काय करणार?

प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. दाखल्यातील धन्याने हिशेब मागितला नसता, तर कारभाऱ्याची उधळपट्टी तशीच चालू राहिली असती, आणि तिचे पाप कारभाऱ्याच्या एकट्याच्या माथी राहिले नसते.