खजिन्याचा नकाशा : पावले कोणाची?

"सर, पावलं कोणाची धरायची?"

गेल्या हिवाळ्यात लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या गायमुख खिंडीत नववीतल्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला. तिच्या हातात खजिन्याचा नकाशा होता. काय त्याचा थाट! चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी केलेला कागद, मेणबत्तीवर जाळलेल्या कडा, वर एक कवटी, खाली लाल फुली. फुलीशेजारी वळणदार अक्षरांत लिहिले होते, 'काळ्या खडकापासून दक्षिणेस चाळीस पावले.' आता सह्याद्रीत काळा नसलेला खडक कोणी शोधून दाखवावा! तो खडक कसाबसा ठरला, पण पुढे सातआठ मुले वीस मिनिटे गवतात घिरट्या घालत होती.

हा खेळ तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट रचतो. बाकीचे कोणी हेर, कोणी वैदू, कोणी मांत्रिक होतात आणि फासे टाकून पुढे काय घडले ते ठरवतात. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा खेळ छापील नियमांसह निघाला. आमच्या मुलांनी परदेशी राक्षसांच्या तळघरांऐवजी मावळातले गड घेतले, हे मला फार आवडले. तक्रार आहे ती नकाशाबद्दल. कागद जुना दिसावा म्हणून एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली होती, मोजमापाला मात्र पाच मिनिटेही मिळाली नव्हती.

चहाचा प्रयोग वाईट नाही. चहातील टॅनिनमुळे कागद तपकिरी होतो, आणि त्याच चहात गंजके खिळे रात्रभर ठेवले तर टॅनिन व लोह यांच्या संयोगाने काळसर शाई मिळते. पण जळलेल्या कडा कशासाठी? जुना कागद ओलीने डागाळतो, कसर त्याला भोके पाडते, घड्यांवर तो फाटतो. चारी बाजूंनी सारखा जळून मधला मजकूर तेवढा शाबूत राहिला, असा कागद फक्त सिनेमात सापडतो.

'ट्रेझर आयलंड' या कादंबरीचा जन्मच एका नकाशातून झाला. १८८१ साली स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने आपल्या सावत्र मुलाबरोबर खेळता खेळता एका बेटाचा नकाशा काढला आणि त्यावरून गोष्ट रचली. पुढे पुस्तक छापायच्या वेळी मूळ नकाशाच हरवला. तेव्हा त्याला स्वतःचेच पुस्तक पुन्हा वाचून, दिशा आणि अंतरांचे सर्व उल्लेख टिपून, कंपास घेऊन त्यांच्याशी जुळेल असा नवा नकाशा बसवावा लागला. ते काम त्याला जिकिरीचे वाटले, पण बेट खोटे आहे म्हणून अंतरे कशीही चालतील, असे काही तो म्हणाला नाही.

तर, पावले कोणाची? हा प्रश्न जुना आहे. शिवकालात जमीन मोजण्याची काठी पाच हात पाच मुठी लांबीची ठरवून दिली होती. हात माणसागणिक बदलतो, ठरवलेली काठी बदलत नाही. तुम्हीही शाळेच्या मैदानावर शंभर मीटर चालून आपली पावले मोजा आणि एका पावलाची लांबी काढा. मग ती नकाशाच्या कोपऱ्यात लिहा. ७५ सेंटिमीटरच्या चाळीस पावलांचे तीस मीटर होतात, ६० सेंटिमीटरच्या चाळिसांचे चोवीस. त्या सहा मीटरांत अख्खी करवंदीची जाळी मावते!

डोंगरात आणखी एक फसगत होते. नकाशावर अंतर आडवे धरतात, तुम्ही चालता तिरपे. तीस अंशांच्या चढावर शंभर मीटर चाललात तर नकाशावर जेमतेम ८७ मीटर होतात. होकायंत्रही डोळे मिटून विश्वास ठेवण्याच्या लायकीचे नाही. लोखंडी तोफेजवळ त्याची सुई बिनदिक्कत खोटे बोलते, आणि आपल्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट असल्याने वीज पडलेल्या एखाद्या माथ्यावरही ती भरकटू शकते. म्हणून एकाच खुणेचा दिशाकोन दोन जागांवरून घ्यावा.

सरावासाठी लोणावळ्याच्या दक्षिणेचा कोरीगड मला सर्वांत सोयीचा वाटतो. तटावरून गडाला पूर्ण फेरी मारता येते. प्रत्येक वळणावर दिशा आणि पावले टिपत जा, मग घरी येऊन कागदावर रेषा जोडा. शेवटची रेषा पहिल्या बिंदूला मिळायला हवी. ती मिळत नाहीच! जे अंतर उरते ते तुमच्या चुकीचे माप, आणि ते लपवण्यासाठी शेवटची रेषा ओढूनताणून जुळवणारा मुलगा मला नापास करावासा वाटतो.

एका शिक्षकमित्राचे म्हणणे असे की, खेळात तरी शाळा आणू नका. मी म्हणतो, सोंगात हवी तेवढी मौज करा, पण मापात खोटेपणा आला की खेळच थांबतो. त्या दिवशी खिंडीत तो थांबलाच होता.

शिवाय आपल्या भागात खजिना ही निव्वळ कल्पना नाही. १६६४ च्या सुरतेच्या लुटीतील संपत्ती लोहगडावर ठेवली होती असे सांगतात, आणि गडावरच्या एका गुहेला आजही लक्ष्मी कोठी म्हणतात. गुप्तधनाच्या लोभाने रात्री-बेरात्री जुन्या वास्तू खणणारे लोक आजही आहेत. तुमचा जुनाट दिसणारा कागद गडावर वाऱ्याने उडाला आणि अशा एखाद्याच्या हाती पडला तर? लोहगड केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये त्याचे नाव जागतिक वारसा यादीत गेले. तेथे खणणे सोडाच, तटाचा एक दगड हलवणेही गुन्हा आहे. तेव्हा डबी पुरू नये. नकाशाच्या पाठीवर 'खेळासाठी' असे लिहून तारीख घालावी, आणि घरी निघताना नकाशे मोजून परत घ्यावेत.

खिंडीतल्या मुलांचे काय झाले? सूत्रधार मुलगा एका दगडावर बसून गंमत पाहत होता. त्याने बोलायचे नाही असा नियम होता, चालायचे नाही असा नव्हता. मुलांनी त्याला दहा पावले चालायला लावली आणि दप्तरातल्या पट्टीने ते अंतर मोजले. ते निघाले पाच मीटर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे चाळीस पावलांचे तेवीस मीटरांहून थोडे अधिक. मघाची मुलगी आपल्या पावलांनी जवळजवळ पाच मीटर पुढे गेली होती. ती मागे आली, आणि कारवीच्या झुडपाखाली डबी दिसली. आत चिक्की होती. मुंग्या मात्र नकाशाशिवायच आधी पोचल्या होत्या.