मीठ कोण बघणार?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लागते आणि त्या रांगेत बहुतेक पुरुषच असतात. चांगला तुकडा घासाघीस करून आणणं हे आपल्याकडं घरच्या कर्त्याचं काम. पिशवी ओट्यावर ठेवली की ते काम संपतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी सुरू होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्या पिशवीतलं काहीच स्वयंपाक करणारीच्या तोंडात जाणार नसतं. तिच्या गळ्यात माळ असते. नाहीतर तिचा त्या दिवशी उपवास असतो, ती शाकाहारी घरातून लग्न होऊन आलेली असते, किंवा घरातलं एखादं माणूस गेल्यावर तिनं आपणहून सोडलेलं असतं. तरी वाटण तिनंच वाटायचं, रस्सा तिनंच उकळायचा, भाकऱ्याही तिनंच थापायच्या. या बाईबद्दल आपण फार थोडं बोललो आहोत आणि जे बोललो ते केवळ कौतुकाचं.

काही माळकरी घरांत ती त्या चुलीला शिवतही नाही. बाकीचे आपलं आपण बघून घेतात. पण सगळीकडं तसं नसतं. आमच्या आत्या माळकरी, आषाढी-कार्तिकी न चुकवणाऱ्या. कृष्णाकाठच्या गावात त्यांचं मोठं घर. सुना आल्या, तरी मटण आत्यांनीच करायचं, कारण चव त्यांच्याच हाताची लागते. परसात तीन दगडांची वेगळी चूल आहे. पातेलं, पळी, परात वेगळी. ती भर पावसातही घरात येत नाहीत, गोठ्याच्या आढ्याला गोणपाटात बांधलेली असतात. मटण धुऊन, हळद-मीठ आणि आलं-लसूण चोळून आत्या ते तेलावर परततात, वर झाकणीत पाणी ठेवतात आणि आधी अंगच्याच पाण्यावर शिजू देतात. झाकणीतलं तापलेलं पाणी मग हळूहळू आत जातं. पळीनं एक फोड पातेल्याच्या कडेला दाबून बघायची; हाडापासून मांस सुटलं की झालं. पोरांसाठी अळणी रस्सा आधी बाजूला निघतो. नंतर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसणाची चटणी पडते, तर्री वर येते आणि आत्या नातवाला हाक मारतात, “ये रं, मीठ बघ.” त्याच्या तळहातावर पळीभर रस्सा पडतो. तो फुंकर मारून चाटतो आणि सांगतो, “वाईच कमी हाय, आज्जी.” त्या चिमूट टाकतात. बाकी सगळं अंदाजावर. तिखट डोळ्यांना कळतं, शिजलेलं नाकाला कळतं, मिठाला मात्र दुसऱ्याची जीभ लागते.

मग पंगत बसते, उठते. आत्या राखेनं पातेलं घासतात, लिंबाच्या सालीनं हात चोळतात, अंघोळ करतात, तुळशीला पाणी घालतात आणि आतल्या चुलीवर स्वतःपुरतं पिठलं टाकतात. त्या जेवायला बसतात तेव्हा दुपार कलायला लागलेली असते.

यातल्या एका गोष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे. आत्यांचा नियम त्यांच्या तोंडापुरता आहे. मटण खाणं चांगलं असं त्यांना वाटत नाही, विचारलं तर त्या तसं सांगतीलही. पण नातवाच्या ताटावर त्यांनी आपली माळ कधी टाकली नाही. शेजारी काय शिजतं याची चौकशी करून भाडेकरू ठरवणाऱ्या शहरी सोसायट्यांना जे जमत नाही, ते ही बाई इतकी वर्षं सहज करते आहे. आपलं व्रत पाळायला दुसऱ्याला उपाशी ठेवावं लागत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

गांधीजींना मात्र ही गोष्ट वाटेत शिकावी लागली. मुंबईत त्यांचा मुलगा मणिलाल विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. वय दहा वर्षांचं. औषधाचा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या, असं पारशी डॉक्टरांनी सांगितलं. गांधीजींनी नकार दिला. त्यांनी मणिलालला विचारलं, त्यानंही ते नको म्हटलं. पण मी दिलं असतं तर त्यानं घेतलंही असतं, अशी कबुली गांधीजींनी आत्मकथेत दिली आहे. पुढं १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू झालं. तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींच्या बायकामुलांना तिथं ठेवायचं होतं. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. ज्यांना लहानपणापासून मांसाची सवय आहे, जे आपल्या भरवशावर इथं आले आहेत, त्यांनी मांस मागितलं तर आपण ते पुरवलं पाहिजे, गोमांस मागितलं तरी पुरवलं पाहिजे, अशा निर्णयाला गांधीजी आले. मग त्यांनी तिथल्या बायकांशी मोकळेपणानं बोलून शाकाहारी स्वयंपाकघर चालेल का, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या, आणि तसं ठरलं.

दहा वर्षांच्या पोराचं आजारपणातलं ‘नको’ आणि फार्मवरच्या मोठ्या बायकांचं ‘हो’ यांचं वजन मला सारखं वाटत नाही. पहिल्या वेळी बापानं आधीच ठरवलेलं होतं. दुसऱ्या वेळी मागितलं तर देण्याची तयारी आधी झाली आणि विचारणं नंतर. जो माणूस आपल्यावर अवलंबून आहे, त्याचं ताट आपल्या तत्त्वावर चालवायचं की नाही, हा प्रश्न गांधींसारख्या कडव्या शाकाहाऱ्यानंही असा सोडवला.

आता तोच प्रश्न उलट्या बाजूनं विचारायची वेळ आहे. खाणाऱ्याच्या ताटावर न खाणाऱ्याची सत्ता नको, हे आपण मान्य करतो. मग न खाणारीच्या हातांवर खाणाऱ्याची सत्ता कशी काय चालते? माळकरी आत्यांनी घरातल्यांना कधी अडवलं नाही. घरातल्यांनी त्यांना कधी विचारलं का? तुला कच्च्या मटणाला हात लावायला कसं वाटतं, वासानं मळमळतं का, आज करायचं नसेल तर राहू दे, एवढं साधं वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलं का? माझ्या माहितीत तरी नाही. आणि मी त्या पंगतीला अनेकदा बसलो आहे.

हे चार-दोन घरांपुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी आपण मासे, कोंबडी, मटण कधीच खात नाही असं सांगितलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे १७ टक्के निघालं. त्याआधीच्या फेरीपासून न खाणारे पुरुष बऱ्यापैकी घटले, न खाणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिलं. या तफावतीतले काही पुरुष बाहेरच खात असतील, हे खरं. पण सगळेच तसे नाहीत. दुसरीकडं, २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७. या दोन पाहण्या शेजारी ठेवून बघितल्या की आत्यांसारख्या बायका किती असतील याचा अंदाज बांधता येतो.

इथं मला शहरातल्या स्वयंपाकाच्या मावशी आठवतात. त्यांच्यातल्या कितीतरी माळकरी असतात किंवा गुरुवार पाळणाऱ्या. पण काम धरतानाच त्यांचं बोलणं स्पष्ट असतं. चिकन करीन, मच्छी साफ करणार नाही. नॉनव्हेजच्या दिवसाचे जास्त पडतील. श्रावणात हात लावणार नाही. घरमालकीण ते ऐकून घेते आणि मासे कोळणीकडूनच साफ करून आणते. खवले काढून, तुकडे पाडून, कोळंबीचा काळा धागा ओढून. परक्या घरात, पगारावर काम करणाऱ्या बाईला ‘हे नाही करणार’ म्हणता येतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांपुढं, त्याच बाईला ते म्हणता येत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्यानं आणून ठेवलेले बांगडे ती निमूट साफ करते.

‘अहो, ती प्रेमानं करते,’ हे उत्तर लगेच येईल. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. लेक बाळंतपणाला आली की स्वतः न खाणारी आई तिच्यासाठी पाय्याचं सूप मंद आचेवर तासन्‌तास ठेवते, त्यात प्रेमच असतं. अपघातात हाड मोडलेल्या भावासाठी, केमोनंतर जीभ गेलेल्या नवऱ्यासाठी, ज्या वासानं पोटात ढवळतं तोच वास दिवसभर घरात कोंडून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. गरोदर बायकोला खावंसं वाटलं म्हणून फोनवर बघत बघत पहिल्यांदा अंडाकरी करणारा, कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या घरातला एक नवराही मला माहीत आहे. त्यानं बायकोला चाखायला बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता. तो करू शकला, कारण नाही केलं असतं तरी त्याला कुणी काही बोललं नसतं. आत्यांना तेवढी मोकळीक नाही. एखाद्या रविवारी त्यांनी ‘आज नको’ म्हटलं तर त्याची चर्चा चार दिवस चालेल, आणि सुना आईंना कामाचा कंटाळा यायला लागला म्हणतील. ज्या कामाला नकार देता येत नाही त्याला प्रेम म्हणणं खाणाऱ्यांच्या सोयीचं आहे.

‘आम्हाला येत नाही’ ही सबब तर मुळीच पटण्यासारखी नाही. गावच्या जत्रेत, कंदुरीला, मटण कोण करतं? पुरुष करतात. बकरं सोलण्यापासून मुंडी-पाय जाळावर भाजण्यापर्यंत सगळं तेच बघतात. माणूस उभं राहील एवढ्या पातेल्यांत शेकड्यांचा रस्सा शिजतो, मीठ बरोबर पडतं, मटण वेळेवर शिजतं आणि नंतर वर्षभर त्या रश्श्याची आठवण निघते. शेतातल्या पार्टीत, नदीकाठच्या रश्श्यातही तेच. गावभराला जेवू घालणाऱ्या हाताला घरातल्या सहा माणसांचं कालवण जड जायचं कारण नाही. जत्रेतलं केलेलं दिसतं, त्याचं नाव होतं. परसातल्या चुलीवर रविवारी केलेलं कुणी मोजत नाही, एवढाच फरक.

तरुण घरांत थोडं बदलतं आहे. आंतरजातीय लग्नं झालेल्या जोडप्यांत ‘ज्याला खायचं त्यानं करायचं’ असा सरळ नियम मी पाहतो आणि तो कटकटीशिवाय चालतो. पण लग्न जुळवण्याच्या बैठकीत अजून मुलीलाच विचारतात, “नॉनव्हेज करता येतं ना?” ती म्हणते, “मी खात नाही.” त्यावर मुलाकडची बाई समजूतदारपणे सांगते, “खाऊ नकोस गं, पण करायला तर यायला पाहिजे. आमच्याकडं लागतं.” हे ऐकून मुलीकडच्यांना हायसं वाटतं, पोरीवर खायची सक्ती नाही म्हणून. मला त्या उत्तरात सक्तीच दिसते. पुढची तीस-चाळीस वर्षं न खाणाऱ्या मुलीनं मटण धुवायचं, हा करार तिथल्या तिथं, चहा-पोह्यांवर होऊन जातो. कोपऱ्यात बसलेला मुलगा, ज्याला ते लागतं, त्याला ते करता येतं का, असं कुणीच विचारत नाही. मुलीच्या बापानं तिथंच विचारलं पाहिजे, आणि उत्तर ऐकूनच पुढची बोलणी केली पाहिजेत.

जुन्या घरांत एवढं लगेच व्हायचं नाही, आत्या तर ऐकायच्याच नाहीत. तुम्ही बसा, म्हणतील. त्यांना चूल सोडायची नसेल तर त्यांचा मान राखावा. पण मटण धुऊन, हळद-मीठ लावून ठेवणं हे आणणाऱ्याचं काम समजावं. आत्यांनी पातेल्याशेजारी पाटावर बसून सांगावं, मुलग्यांनी परतावं, मीठही त्यांनीच चाखून टाकावं. आतल्या चुलीवर त्यांचं पिठलं सुनेनं आधीच करून ठेवावं, म्हणजे त्या पंगतीबरोबरच जेवतील. आणि पातेलं, पळी, परात खाणाऱ्यांपैकी कुणीतरी घासावी, त्याच दुपारी, रस्सा वाळून कडेला धरायच्या आत.