उद्या सूर्याकडे पाठ!

हरिहरेश्वरच्या फोटोग्राफी कार्यशाळेला गेले, तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये सूर्यास्ताचे ४०० फोटो होते. सगळे छान, आणि कुणीही काढलेले वाटावेत असे! सरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "उद्या सूर्याकडे पाठ करा. एक तास, एकच खडक. झूम करायचं नाही."

सकाळी ओहोटीला प्रदक्षिणेच्या वाटेने उतरलो. (भरतीत इथे जाणं धोक्याचं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नका.)

पहिली वीस मिनिटं नुसता कंटाळा. मग खडकावरची मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसू लागली. खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं आणि मिठाचे स्फटिक कण कण दगड सुटा करतात. तिरपं ऊन पडलं, तशी प्रत्येक भोकाला सावली आली आणि मला एकदम आजीचं जातं आठवलं, नुकतीच टाकी लावलेलं. तेवढाच तुकडा टिपला. शेजारचे काका त्याच खडकावर खेकडे शोधत होते!

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. लेक म्हणाला, "आई, यात समुद्र कुठाय?"

रात्री इंदूरहून मावशीचा मेसेज आला, "हे आपलं जातं का गं?"