‘मर्यादित’ बांधकामाची मर्यादा कोणती?
गोव्यातील भूरूपांतराच्या वादात ‘थोडी घरे होऊ द्यावीत’ हा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. वडिलोपार्जित भाटात मुलासाठी घर बांधू पाहणाऱ्या गोमंतकीयाची अडचण खरी आहे. मात्र २०२४ साली नगरनियोजन कायद्यात आलेले कलम ३९ए ही गरज विचारतच नाही. अर्ज करावा, हरकतींसाठी ३० दिवस द्यावेत आणि प्रादेशिक आराखडा २०२१ मधील बागायत वा भातशेत ‘सेटलमेंट’ व्हावे, अशी ती वाट. खाजन तर तुकड्यातुकड्याने राखताच येत नाही. एका शेतात भराव पडला की पाणी शेजारच्या शेतात चढते. म्हणून खाजने व डोंगरउतार कायमचे वगळून, वस्तीलगत, ग्रामसभेच्या संमतीने स्थानिकांच्या घरांपुरती मुभा देणे रास्त ठरेल. तशी कोणतीही अट मूळ कलमात घातलेली नाही.